कोऱ्या गोळीतलं शिखर

कोऱ्या गोळीत काही नसतं. तेवढ्यासाठीच ती करतात. पांढरी भुकटी साच्यात दाबून केलेली, औषधाच्या गोळीएवढी एक चकती. तिच्यावर क्ष-किरण टाकले की पडद्यावर सरळ रेघ यायला हवी. ती आली की निर्धास्त व्हायचं आणि खऱ्या नमुन्यांकडे वळायचं. नोकरीत अशा सरळ रेघा मी इतक्या पाहिल्या की त्यांचा मला कंटाळा आला होता. एका मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात धरून तशीच एक रेघ बघायला बसले, आणि पडद्यावर चांगलं उंच शिखर उभं राहिलं. चहा कधी गार झाला ते कळलं नाही. आता निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी चहाचा कप हातात घेतला की ते आठवतं.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं की नोकरीतल्या गमतीजमती लिहा, वाचकांना हलकंफुलकं आवडतं. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की हीच गोष्ट आडवी येते, आणि ही हलकीफुलकी नाही. तेव्हा संपादकांनी माफ करावं.

मी सुरतेतल्या एका प्रयोगशाळेत होते. काम काय, तर आलेखातली शिखरं शोधायची. बायका विचारायच्या, 'म्हणजे नेमकं काय हो करता?' मी सांगायला लागले की दुसऱ्या वाक्याला त्या साडीचा विषय काढायच्या. तुम्ही साडीकडे वळण्याआधी दोन मिनिटं द्या.

प्रत्येक मूलद्रव्याची क्ष-किरण गिळण्याची एक ठरावीक जागा असते. किरणांची ऊर्जा आपण थोडी थोडी वाढवत न्यायची. बराच वेळ काही होत नाही. मग एका आकड्याला ते मूलद्रव्य एकदम हावरटासारखं किरण गिळू लागतं. आलेखात तिथे भिंतीसारखी कडा उभी राहते. क्रोमियमची कडा सहा हजारांच्या जरा अलीकडे. हा क्रोमियम दोन रूपांत भेटतो, आम्ही त्यांना तीन आणि सहा म्हणतो. तीन गरीब आहे, गाळात पडून राहतो. सहा विषारी आहे, पाण्यात उतरतो, पाण्याबरोबर विहिरीत जातो. गाळात मिसळलेले असले की डोळ्यांनी ते ओळखू येत नाहीत. पण कडेच्या किंचित आधी, पायथ्याशी, सहाचं सुईसारखं शिखर दिसतं, ५९९३ या आकड्याच्या आसपास. तीनचं तिथे नुसतं टेंगूळ असतं. ते शिखर आहे की नाही, असलं तर नेमकं कुठे आणि केवढं, हे शोधून काढायचं, की झाली माझी नोकरी सांगून.

शोधायला सॉफ्टवेअर असतं. पण त्यात आकडे ओतले आणि उत्तर बाहेर पडलं, असं होत नाही. आधी कडेचा चढ वेगळा करावा लागतो, शिखराखाली तळरेषा ओढावी लागते, आणि शोध कुठून सुरू करायचा तो आकडा आपण भरावा लागतो. मग ते त्या आकड्याच्या आजूबाजूला चाचपडतं आणि दशांशाच्या पुढे दोन घरांपर्यंत जागा काढून देतं. मला इथे काही सापडलं नाही, असं ते सहसा म्हणत नाही. आपण जिथे शोध म्हणतो तिथे काहीतरी शोधून देतंच. त्यामुळे त्याच्याशेजारी बसलेल्या माणसाने शहाणं असावं लागतं. तो शहाणा माणूस मी, असा माझा समज होता.

एक जरीवाले शेठ आठवतात. त्यांच्या जरीतलं तांबं काळं पडत होतं आणि दोष गिऱ्हाइकाच्या कपाटाचा आहे असं त्यांना सिद्ध करायचं होतं. शिखर सांगत होतं की माल त्यांच्याच कारखान्यात बिघडलाय. शेठ पडद्याकडे पाहून अगदी गोड आवाजात म्हणाले, "बेन, आ टोच जराक डाबी बाजु लई लो ने!" हे टोक जरा डावीकडे घ्या ना, भिंतीवरची तसबीर सरकवायला सांगावं तसं. मी इतकी थक्क झाले की रागवायचंही सुचलं नाही. आम्ही टोकं सरकवत नाही शेठ, असं मात्र मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि घरी येऊन ह्यांना रंगवून सांगितलं.

तर आता सचिनची गोष्ट. सचिन म्हणजे माणूस नव्हे, सुरतेजवळचं गाव.

सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलकडून आठ बाटल्या आल्या. आत गाळ. मिलमधलं रंगाचं घाण पाणी टाकीत येतं. त्यात बायसल्फाइटची पावडर टाकली की सहाचा तीन होतो, मग चुना टाकून गाळ खाली बसवतात. पावडर टाकणं हे टाकीवरच्या ऑपरेटरचं काम. तो रोज टाकत नाही, असा मॅनेजरला संशय होता, कारण तपासणीला आलेले साहेब नाक मुरडून गेले होते. मॅनेजरने आठ आठवडे दर आठवड्याला एक बाटली भरून घेतली, वर एक ते आठ आकडे घातले आणि आमच्याकडे पाठवून दिल्या. ही दसऱ्याच्या आधीची गोष्ट. सुट्टी संपल्यावर मी गाळ वाळवला, खलात घोटला, पांढऱ्या भुकटीत मिसळला आणि साच्यात दाबून आठ गोळ्या केल्या. त्यांच्याही आधी, नेहमीप्रमाणे, नुसत्या भुकटीची कोरी गोळी केली.

हे किरण आमच्या प्रयोगशाळेत मिळत नाहीत. त्यासाठी इंदूरच्या मोठ्या सरकारी यंत्रावर जावं लागतं. महिनोन्‌महिने आधी अर्ज करायचा, मग काही तासांची पाळी मिळते. मी आणि माझे सहकारी जिग्नेशभाई गेलो. पाळी दुपारी संपणार होती, मध्येच किरण दोनदा गेले, आणि शेवटी गोळ्या नऊ आणि वेळ आठांपुरता, अशी गत झाली. जिग्नेशभाईंनी विचारलं, "बेन, कोरी पहिली घेऊ?"

"कोऱ्या गोळीत काय बघायचंय?" मी म्हटलं. "नमुने घ्या."

हे माझे शब्द आहेत. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाहीत.

सुरतेला परत आल्यावर मी आलेख उघडले आणि पहिल्याच नमुन्यात शिखर दिसलं. छान, टोकदार, जिथे असायला हवं तिथेच. दुसऱ्यात होतं, पण जरा बुटकं. तिसऱ्यात आणखी बुटकं. आठव्यापर्यंत ते जेमतेम उरलं होतं. सगळ्यांची जागा मात्र दशांशापर्यंत एकच. मी तळरेषा तीन प्रकारांनी ओढून पाहिल्या, तेच उत्तर. इतकं सुबक काम वर्षानुवर्षांत हाती आलं नव्हतं. मी आमचे प्रमुख देसाईसाहेब यांना हाक मारून दाखवलं. मॅनेजरला फोन केला तर तो उडालाच. म्हणाला, तिसऱ्या आठवड्यापासून मी त्या माणसावर ओरडायला लागलो, म्हणूनच बघा, हळूहळू सुधारला! सगळं एकमेकांत इतकं चपखल बसलं की मी अहवालात एक ओळ जास्तीची लिहिली: जुन्या नमुन्यांत प्रमाण अधिक असून पुढे ते क्रमाने कमी होत गेले आहे, यावरून प्रक्रियेत सुरुवातीला कुचराई झाली असावी. कुचराई हा शब्द माझा. सॉफ्टवेअरला तो येत नाही.

आठवड्याभराने तो ऑपरेटर प्रयोगशाळेत आला. निंबा पाटील. पन्नाशीचा, अमळनेरकडचा, वीस वर्षं त्याच टाकीवर. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि चपला दाराबाहेर काढल्या होत्या. मिलने त्याला घरी बसवलं होतं. भांडायला आला असेल म्हणून मी पदर खोचून तयार होते, पण तो भांडला नाही.

"ताई, मी रोज टाकतो," तो म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. मला फक्त बघू द्या तुम्हाला काय दिसलं ते."

मी खुर्ची दिली आणि पहिला आलेख काढला. शिखरावर बोट ठेवलं. हे सहाचं, मी म्हटलं. पावडर पडली असती तर हे नसतं.

तो वाकून पाहत राहिला. "हे माझं आहे?"

"तुमच्या टाकीतलं आहे."

"पण मी टाकली होती ना, ताई."

तेव्हा मी त्याला समजावलं. प्रेमाने समजावलं, हे सांगताना आज जास्त लाज वाटते. म्हटलं, निंबाभाऊ, यंत्राला तुमच्याशी काही वैर नाही. ते खोटं कशाला बोलेल? वीस वर्षं तेच तेच काम, हात आपोआप चालतो, एखाद दिवस विसरला असाल. माणसाचं होतं असं. नीट आठवून बघा.

तो म्हणाला, "आठवतो." नमस्कार करून गेला. मी पुढच्या कामाला लागले.

मग तो मंगळवार. मध्ये पाच महिने गेले होते. जिग्नेशभाई दुसऱ्याच कामासाठी इंदूरला होते. त्यांची पाळी लवकर आटपली, थोडा वेळ उरला, आणि डब्यात ती जुनी कोरी गोळी पडलेली. वाया कशाला घालवा म्हणून त्यांनी ती लावली आणि आलेख मला पाठवून दिला. मी फाइल उघडली आणि वर सांगितलं ते झालं. सरळ रेघेच्या जागी ५९९३ वर शिखर. नमुना एकपेक्षाही उंच.

मी आधी जिग्नेशभाईंना फोन करून विचारलं, गोळी बदलली का? नाही. दुसऱ्याच कुणाची लागली का? नाही, डब्यावर तुमचंच अक्षर आहे. मी त्यांना म्हटलं, गोळी उजेडात धरा आणि काय दिसतं ते सांगा. मग म्हणाले, "बेन, काठाला जरा पिवळं दिसतंय. अगदी बारीक."

मी गोळ्यांची नोंदवही काढली. त्या दिवशी मी गोळ्या दाबल्या त्या क्रमाने लिहिल्या होत्या. कोरी, मग एक, दोन, तीन, सरळ आठपर्यंत. शिखरं उतरत गेली होती तीही त्याच क्रमाने. ती मिलच्या आठवड्यांनी कमी होत नव्हती. माझा साचा एकेका गोळीबरोबर साफ होत होता. जे काही पिवळं होतं ते साच्यात होतं. सगळ्यात जास्त कोऱ्या गोळीने उचललं आणि उरलेलं आठ गोळ्यांनी थोडं थोडं. पण साच्यात सहा आला कुठून? आमच्याकडे क्रोमेटची, म्हणजे सहाची, बाटली वेगळ्या खोलीत, कुलपात असते.

वहीत तारीख होती. दसऱ्याचा दुसरा दिवस.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची. बाकीची मंडळी गुजराती. त्यांची पूजा कंकु-चोखाची, म्हणजे कुंकू आणि तांदूळ. हळद वाहणारी मी एकटी मराठी. हळदीशिवाय नुसतं कुंकू माझ्या हाताला लावताच येत नाही, सवयच नाही. दर वर्षी मी घरून कुयरी घेऊन जायची, तराजूला, खलाला, दाबयंत्राला आणि साच्याला हळद-कुंकवाची बोटं लावायची. सगळे कौतुक करायचे. दुसऱ्या दिवशी साचा पुसायचा, तर पूजेचं सगळं पुसू नये म्हणून बाहेरचं बोट तसंच ठेवायचं, हीसुद्धा माझीच पद्धत. टिपकागदाने आतून पुसला की झालं, असं मी मानत होते. बाहेरची हळद दाबताना दट्ट्याच्या फटीतून आत उतरेल, हे इतकी वर्षं साचा हाताळणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

पण हळदीत क्रोमियम कुठून येणार? हळद म्हणजे हळद. मी रिक्षा करून घरी गेले, स्वयंपाकघरातला हळदीचा डबा उचलला आणि तशीच परत आले. प्रयोगशाळेत मूलद्रव्यं ओळखणारं एक छोटं यंत्र आहे, बंदुकीसारखं हातात धरायचं. चमचाभर हळदीवर ते रोखलं. क्रोमियम. आणि त्याच्या शेजारी शिसं. लेड क्रोमेट, म्हणजे लोखंडी फाटकांना लावायच्या पिवळ्या रंगात असतं ते. सुटी हळद छान पिवळीधमक दिसावी म्हणून त्यात घालतात हे मी वाचलं होतं. ते आपल्या घरात असेल असं वाचणाऱ्याला कधी वाटत नाही. त्या हळदीच्या रंगाचं मी माझ्या जावांपाशी कौतुक केलं होतं. गुडघे दुखतात म्हणून रोज तीच दुधातून पीत होते. ज्या विषाचं शिखर शोधण्यात माझं आयुष्य गेलं, ते मी रोज चमच्याने भाजीत घालत होते. दुकानदाराचं, तक्रारीचं, आमच्या दोघांच्या रक्ततपासणीचं पुढे यथासांग झालं. ते सगळं वेगळं प्रकरण आहे.

भानावर आल्यावर पहिलं नाव आठवलं ते निंबा पाटलाचं. इस्त्रीचा शर्ट आठवला.

आठही बाटल्यांत गाळ शिल्लक होता. मी नवाकोरा साचा काढला, गोळ्या पुन्हा केल्या, या वेळी उलट क्रमाने, आणि बसने इंदूरला पाठवल्या. जिग्नेशभाई अजून तिथेच होते, त्यांनी तिथल्या लोकांना गळ घालून काही तास मागून घेतले. आलेख आले. आठांतल्या एकातही शिखर नव्हतं. पायथ्याशी तीनचं टेंगूळ, बास. त्या माणसाने आठही आठवडे पावडर टाकली होती.

देसाईसाहेब भला माणूस, पण घाबरले. जुना अहवाल आता कोण उकरून काढतंय, प्रयोगशाळेचं नाव जाईल, असं म्हणाले. मी म्हटलं, साहेब, पत्र माझ्या सहीने जाईल, तुमची नको. मग त्यांनीही सही केली. पत्रात मी हळदीसकट सगळं लिहिलं. एवढं हास्यास्पद पत्र आमच्या प्रयोगशाळेतून कधी गेलं नसेल. मॅनेजरने ते वाचून मला फोन केला. तो चिडला नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा बोलत होता.

"बेन, हवे शुं? एणे तो पोते ज लखी आप्युं छे के भूल एनी हती."

आता काय उपयोग, त्याने स्वतःच लिहून दिलंय की चूक त्याची होती. केव्हा? तुमच्याकडे येऊन गेला त्यानंतर चार दिवसांनी. मी फोन ठेवला. आणि इथे एक गोष्ट कबूल करते, जी मी ह्यांनाही सांगितलेली नाही. क्षणभर मला बरं वाटलं. चुकलाच असेल कधीतरी, मग माझं एवढं काही बिघडलं नाही, असं. मग पडद्यावरचे आठ आलेख दिसले. न केलेली चूक हा माणूस कबूल कसा करतो?

पत्ता मिलमधून घेतला आणि रविवारी सुरतेतल्याच उधन्याला गेले. आमच्या खानदेशातली अर्धीअधिक माणसं तिथे राहतात. गल्लीत शिरलं की कानावर अहिराणी पडते, माझ्या आजोळची बोली. निंबाभाऊंची दोन खोल्यांची जागा, दारात धुतलेले कामावरचे कपडे वाळत घातलेले. ते आता इच्छापोरला ठेकेदाराकडे माल चढवायला जात होते. त्यांची बायको लताबाई हिने पाणी दिलं आणि दाराशीच उभी राहिली. माझ्याकडे बघण्याची तिची तऱ्हा काही चांगली नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

मी सगळं सांगितलं. साचा, पूजा, हळद, कोरी गोळी, नवे आलेख. शेवटी हात जोडले आणि म्हटलं, "निंबाभाऊ, तुम्ही एकही दिवस चुकला नव्हता. चूक माझी होती. पत्र दिलंय मी, मिललाही आणि हे तुमच्यासाठी."

मला वाटलं होतं ते रडतील किंवा मला हाकलून देतील. ते पत्र हातात घेऊन नुसते बघत राहिले. तोंडावर आनंद नव्हता, भांबावलेपण होतं.

"पण ताई, मी चुकलो होतो," ते म्हणाले.

"नाही हो. आठही नमुने बघितलेत मी."

"तुम्ही म्हटलं ना, नीट आठवून बघा. घरी येऊन तीन दिवस आठवलं. झोप नाही, जेवण नाही. मग आठवलं." ते मान हलवत हळूहळू सांगू लागले. "टाकीजवळ उभा होतो. पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली होती गावाहून. गुलाबी. वर गणपती. ती वाचत बसलो कठड्यावर. पावडरचं पोतं पायाशी तसंच, तोंड बांधलेलं. भोंगा झाला आणि मी तसाच निघून आलो. मला दिसतं ना सगळं. पोत्याची सुतळीसुद्धा दिसते. मग साहेबाला जाऊन लिहून दिलं. खोटं कशाला बोलायचं?"

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. लताबाई नवऱ्याकडे बघत होती.

"काय सांगी राह्यनात तुम्ही?" ती म्हणाली. "पत्रिका ते घर उनी व्हती. मन्हा हातमा दिधी. तुम्ही मिलमाईन उनात तव्हय मीच वाची दाखाडी तुमले."

पत्रिका घरीच आली होती. तिनेच घेतली होती. ते मिलमधून परतल्यावर तिनेच वाचून दाखवली होती.

निंबाभाऊंनी बायकोकडे पाहिलं, मग पत्राकडे, मग माझ्याकडे. वीस वर्षं टाकीवर उभा राहिलेला तो माणूस आपल्याच घरात वाट चुकल्यासारखा बसला होता. इतका वेळ माझ्याशी मराठीत बोलत होते, आता त्यांना तेही भान उरलं नाही.

"मंग माले दिसस तो दिन कोनता, ताई?"

ते वाट बघत राहिले.